नको आधी

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या त्या माणसाला कंपनीत सगळे नकोबा म्हणायचे. साहेबही म्हणायचे, फक्त त्याची पाठ वळल्यावर. नाव पडलं ते त्याच्या बोलण्यामुळे. चारचौघं म्हणतात, 'दार लावू नको.' हा म्हणणार, 'नको लावू दार.' चारचौघं म्हणतात, 'मी अजून जेवलो नाही.' हा म्हणणार, 'नाही जेवलो अजून मी.' नकार वाक्याच्या तोंडाशीच उभा, दारावरच्या पहारेकऱ्यासारखा. नव्या माणसाला वाटायचं, हा गृहस्थ सकाळपासून कशाला तरी विरोध करतोय. प्रत्यक्षात इतका हो ला हो करणारा प्राणी अख्ख्या कंपनीत दुसरा नव्हता.

घरी त्याची एकुलती एक मुलगी त्याची नक्कल करायची. तिला लहानपणापासून खार म्हणत, कारण कपाट असो, खिडकीचे गज असोत की शेजाऱ्यांची गच्ची, ती जमिनीवर कमी आणि वर जास्त असायची. आता सव्वीस वर्षांची होती, दातांच्या दवाखान्यात मदतनीस होती, पण खोड तीच. हनुवटी गळ्यात रुतवायची, खांदे पुढे घ्यायची आणि छातीतून आवाज काढायची, "नको मारू झुरळ. नाही केलं त्यानं तुझं काही." एकदा तिनं बाथरूममधून नुसतं 'नाही सापडत टॉवेल' म्हटलं, तर आई नवऱ्यासाठी टॉवेल घेऊन धावली, आणि नवरा तिच्या शेजारीच बुटाची नाडी बांधत बसलेला होता.

त्या उलट्या बोलण्यामागची सुलटी गोष्ट मात्र हसण्यासारखी नव्हती.

बावीस वर्षांपूर्वी एका सात मजली इमारतीत नकोबा वर मोटारीच्या खोलीत ब्रेकचा दांडा धरून बसला होता. खाली शाफ्टमध्ये, म्हणजे लिफ्ट ज्या उभ्या विहिरीतून वरखाली जाते तिच्यात, त्याचा जोडीदार लिफ्टच्या टपावर उभा राहून दोराच्या चाकाशी काहीतरी करत होता. दोघं ओरडून बोलायचे. जोडीदार ओरडला, 'सोडू नको.' शाफ्टचा स्वभाव असा, की पहिला शब्द वर पोचवतो आणि दुसऱ्याला वाटेतच गिळतो. वर पोचलं ते एवढंच, 'सोड'. यानं ब्रेक सोडला. लिफ्ट वीतभर सरकली. वीतभरच. जोडीदाराची दोन बोटं चाकात राहिली.

जोडीदारानं पुढे स्वतःच आपलं नाव आठबोट्या ठेवलं. दहा काय, कुणालाही असतात, असं म्हणायचा. त्यानं कधी एका शब्दानं दोष दिला नाही, आणि तेच याला जड गेलं. तेव्हापासून ठरलं, नको आधी. वाऱ्यानं, प्रतिध्वनीनं, मोटारीच्या घरघरीनं वाक्याचं शेपूट काय खायचं ते खावं, नकार तेवढा पोचला पाहिजे. कामावर लावून घेतलेली सवय जिभेला चिकटली ती घरच्या जेवणाच्या टेबलापर्यंत आली.

शब्दांवरचा भरवसा उडाल्यावर दोघांनी ठोकेही ठरवले. शाफ्टमधल्या लोखंडी पट्टीवर पान्यानं ठोकायचं. एक ठोका म्हणजे थांब. दोन म्हणजे वर. तीन म्हणजे खाली. चार म्हणजे मोकळं, ब्रेक सोड. आणि चार आले तरी लगेच सोडायचं नाही. आपण चार परत वाजवून विचारायचं, आणि पलीकडून पुन्हा चार आले तरच. खार पाच वर्षांची असताना घरातल्या पाण्याच्या पाइपवर हीच भाषा बोलायची. एक ठोका म्हणजे पुरे, आता डोक्यावर पाणी ओतू नका. तीन म्हणजे मी कपाटावर अडकलेय, उतरवा.

आता त्याची खरी अडचण. गेली तीन-चार वर्षं नकोबाला ऐकू येत नव्हतं. सगळंच नाही असं नव्हे. उजव्या कानात जणू कापूस कोंबलेला, डाव्यात अर्धामुर्धा आवाज. तीस वर्षं मोटारींच्या खोल्यांत काढली, त्यांनी आपला हिस्सा वसूल केला. समोर बसून बोललं तर ओठांवरून धकून जायचं. चारजण हसले की हाही हसायचा, अर्धा क्षण उशिरा. बायको म्हणायची, "मी काही म्हणत नाही, पण भिंतीशी बोललं तर भिंत तरी उत्तर देईल." आणि तो म्हणायचा, नव्हतं लक्ष माझं.

कंपनीत दरवर्षी कानांची तपासणी व्हायची. काचेच्या खोलीत बसायचं, कानाला हेडफोन, सूर ऐकू आला की बटण दाबायचं. नकोबाला सूर ऐकू यायचा नाही, पण बाहेर यंत्रावर बसलेल्या बाईंचा कोपर काचेत दिसायचा. कोपर हलला की हा बटण दाबायचा. तीन वर्षं तो कोपरावर पास झाला होता. यंदाची तपासणी येत्या बुधवारी होती आणि काचेची खोली बदलून तिथं बंद कपाटासारखी खोली आली होती. नापास झाला तर शाफ्ट बंद, स्टोअरमध्ये बसून स्क्रू निवडायचे. त्यानं बुधवारची रजा टाकायचं मनाशी पक्कं केलं होतं.

नशीब म्हणायचं ते एवढंच, की आठबोट्याचा घसा याच काळात बसला होता. डॉक्टरनं ओरडायची बंदी केलीय असं तो घोगऱ्या आवाजात सांगायचा, आणि शाफ्टमध्ये सगळं काम ठोक्यांवर चालवायचा. ठोका ऐकावा लागत नाही. पट्टीवर हात ठेवला की तळव्यातून येतो.

त्या रविवारी खारीचा वेगळाच बेत होता. गिर्यारोहणाच्या गटातले चौघं गाडी करून घाटापलीकडच्या मोठ्या कड्यावर जाणार होते. हिवाळ्यात तिथला धबधबा गोठतो, त्या बर्फावर चढायचं. आठवडाभर तिनं बुटांना लावायचे काटे घासले होते, दोर हातभर हातभर तपासला होता, दवाखान्यात पेशंटच्या तोंडात नळी धरूनही ती म्हणे बर्फच बघत होती. सकाळी साडेसहाला गाडीवाल्याचा फोन आला. तो माणूस प्रत्येक वाक्याला 'आता तुम्हीच सांगा' म्हणायचा. घाट बर्फानं बंद झालाय, आता तुम्हीच सांगा. मी काय पंख लावू, आता तुम्हीच सांगा. खारीनं काहीच सांगितलं नाही. बाकीचे तिघं पांघरुणात परत शिरले.

ती स्वयंपाकघरात उभी राहिली, पाठीवर सॅक तशीच. मग तिनं विचार बदलला आणि बेतही. शहरापासून अर्ध्या तासावर जुनी दगडखाण होती. खाणीच्या डोक्यावर पाण्याची टाकी, टाकीतून एक जुनाट लोखंडी पाइप खाणीच्या भिंतीवरून खाली उतरलेला, आणि त्याचा सांधा वर्षानुवर्षं गळत असल्यानं थंडीत भिंतीवर बर्फाचा जाड पट्टा धरायचा. मोठा कडा नाही, पण बर्फ तो बर्फ. फक्त खाली दोर धरायला कुणीतरी हवं.

"बाबा, तू येशील?" तिनं विचारलं.

कितीतरी वर्षांत तिनं बापाला कुठं चल म्हटलं नव्हतं. दोर धरायला तो कच्चा नव्हता. शहरातल्या सरावाच्या भिंतीवर त्यानं तिचा दोर पाच-सहा वेळा धरला होता, आणि दोराला लटकलेली माणसं हा तर त्याचा धंदाच. पण सरावाची भिंत चार भिंतींच्या आत होती, आणि तिथं खार डोळ्यांसमोर असायची. त्यानं वाक्य तयार केलं. 'नाही ऐकू येत मला नीट.' तोंडापर्यंत आलंसुद्धा. समोर तिच्या हातात त्याचा मफलर होता, आधीच काढून ठेवलेला.

"चल," तो म्हणाला. ज्या एका वाक्याच्या तोंडाशी नकार उभा राहायला हवा होता, तिथला पहारेकरी नेमका झोपला.

बायको म्हणाली, मी काही म्हणत नाही, पण गुडघा तुझा, थंडी बाहेरची, आणि परत येऊन शेक मी द्यायचा. तिनं थर्मासमध्ये चहा भरला आणि दोघांना टोप्या घातल्या. दोघांच्याही कानांवरून.

वाटेत त्यानं गाडी चालवत खुणा ठरवून घेतल्या. खार डावीकडे बसली होती, बऱ्या कानाच्या बाजूला. पुढं बस असं त्यानंच तिला सांगितलं होतं, मागच्या सीटचा पट्टा अडकतो म्हणून. तिला दोर जास्त हवा असेल तर 'ढील'. ओढून हवा असेल तर 'ताण'. वर पोचली, टाकीच्या कुंपणाच्या खांबाला स्वतःला बांधून घेतलं, की 'सोड'. मग हा आपल्या कमरेच्या पट्ट्यावरच्या ब्रेकमधून दोर काढणार, ती दोर वर ओढून घेणार आणि मागच्या पायवाटेनं चालत खाली येणार. त्यानं आपलं म्हणून सुचवलं की शब्दांपेक्षा पाइपवर ठोके दिले तर. ती म्हणाली, दोन्ही हातांत कुऱ्हाडी असताना ठोके कसले देऊ, आणि त्या पाइपला कुणी हात लावत नाही, त्याच्या पट्ट्या गंजल्यात. शब्द काय वाईट आहेत? याला पुढं बोलायचं तर कारण सांगावं लागलं असतं.

"बरं," तो म्हणाला. "पण नको आधी. 'नको सोडू' असं. उलटं नाही."

तिनं हनुवटी गळ्यात रुतवली. "नको घाबरू तू. नाही मरत मी." आणि आपल्याच विनोदावर पाय आपटून हसली.

खाणीत दुसरं चिटपाखरू नव्हतं. भिंत सहा मजल्यांची असावी. तो उंची मजल्यांतच मोजायचा. बर्फाचा पट्टा पांढरा नव्हता, जुन्या काचेसारखा हिरवट होता, आणि त्याच्या कडेनं पाइप वरपर्यंत गेलेला, काळा, गोठलेल्या दवानं पिठूळ झालेला. चौथ्या मजल्यावर बर्फाला मोठं पोट सुटलं होतं. त्या पोटाच्या वर काय आहे ते खालून दिसत नव्हतं.

अजूनही सांगता आलं असतं. ती बुटांना काटे बांधत होती, नाकाचा शेंडा लाल, गुणगुणत होती बहुतेक; ओठ हलत होते. त्यानं दोर ब्रेकमधून घातला, कडीचा स्क्रू फिरवून बंद केला, तिनं तो ओढून पाहिला, त्यानं तिच्या कमरेची गाठ ओढून पाहिली. सगळं रीतीप्रमाणे. तिनं पहिली कुऱ्हाड हाणली आणि बर्फाचा चुरा त्याच्या टोपीवर पडला. मग सांगण्याची वेळ गेली.

ती चांगली चढत होती, हे त्याला दोरावरून कळत होतं. घाबरलेल्या माणसाचा दोर धसकत जातो. हिचा दोर सावकाश, विचारपूर्वक, वीतवीत वर जात होता. दर मजल्याला थांबून ती बर्फात नळीसारखा स्क्रू पिळून बसवायची आणि त्याच्या कडीतून दोर घालायची, म्हणजे घसरलीच तर त्या स्क्रूवर अडकावी. खाली उभं राहून त्याचे पाय बधिर झाले. डोळे मात्र तिच्या टाचांवरून हलले नाहीत. एकदा तिचं तोंड हललं. तो ऐकू आल्यासारखा मान हलवून दोर सोडत राहिला. ढीलच म्हणाली असणार. दोर गेला. बरोबर निघालं. अशा बरोबर निघालेल्या गोष्टींवरच त्याची चार वर्षं निभली होती.

पोटाखाली तिनं एक स्क्रू लावला. मग एक कुऱ्हाड पोटावरून वर गेली, एक पाय गेला, दुसरा बूट क्षणभर हवेत लोंबला आणि तोही वर गेला. भिंतीवर आता कुणी नव्हतं. फक्त दोर, पोटावरून वाकून वर गेलेला.

वारा थोडा उठला. थोडाच.

दोर हळू जाऊ लागला. थांबला. स्क्रू लावत असेल. पुन्हा गेला, दोन हात. थांबला. वरून चिखलमिश्रित बर्फाचे तुकडे आले. चिखल म्हणजे माथा आला. त्यानं मनात तिचा हिशेब धरला: आता कुंपण दिसलं असेल, आता खांब. एकदम दोर सरसर चार हात वर गेला, सपाटीवर आलेल्या माणसाचा जातो तसा. त्यानं तेवढा दिला. मग दोर निश्चल.

आणि तेव्हा आवाज आला. डाव्या कानात, पातळ, पण स्वच्छ.

"सोड."

सगळं जुळत होतं. माथा आला, चार हात दोर गेला, थांबला, आणि ठरलेला शब्द. त्याचा डावा हात आपोआप कडीवर गेला. अंगठ्यानं स्क्रू फिरवला. एक आटा, दोन आटे. कडी उघडायला आता नुसता दाब पुरे होता.

दोर थरथरत होता.

फार नाही. शाफ्टमध्ये भार अर्धा कुठंतरी अडकला की पोलादी दोर करतो तसा. स्वतःला बांधून मोकळं झालेल्या माणसाचा दोर थरथरत नाही, तो मेल्यासारखा पडतो. नकोबाचा अंगठा कडीवर थांबला. आणि बावीस वर्षांमागची मोटारीची खोली समोर उभी राहिली. तिथंही सगळं जुळतच होतं. तिथंही आवाज स्वच्छच आला होता.

पुन्हा आवाज आला, किंवा आला असं वाटलं. या खेपेला त्यात शब्दच नव्हता, नुसता सूर.

ओरडून विचारायचं तर उत्तर ऐकायला कान हवेत. थांबून राहायचं, तर ती खरोखरच बांधून घेऊन सोड म्हणाली असेल, आणि वर वाऱ्यात दोराची वाट बघत गोठत असेल. उजव्या हातानं दोर ब्रेकमागे घट्ट धरलेला होता, तो हात काही झालं तरी सुटणार नव्हता. डाव्या हातानं त्यानं कडीचा स्क्रू परत फिरवून बंद केला. बोटं ऐकत नव्हती, दोनदा घसरली. मग जॅकेटच्या खिशातला पाना काढला, जो रविवारीसुद्धा त्याच्या खिशात असतो आणि ज्यावरून बायको दर आठवड्याला काही म्हणत नाही. भिंतीकडे दोन पावलं सरकला आणि त्या गंजक्या पाइपवर, ज्याला हात लावायचा नव्हता, त्यानं ठोकले. एक, दोन, तीन, चार.

मोकळं? सोडू?

पाना टाकला, दातांनी हातमोजा ओढून काढला आणि उघडा तळवा पाइपवर दाबला. लोखंड इतकं गार होतं की आधी चटका बसला, मग कातडी चिकटली. त्यानं डोळे मिटले.

काही नाही. पाइपमधल्या पाण्याची बारीक सुरसुर. त्याच्या स्वतःच्या नाडीचे ठोके. वीस वर्षं झाली ती कपाटावर अडकायची बंद होऊन. कशाला आठवतील तिला.

एक.

हाडापर्यंत आला ठोका. तो दुसऱ्याची वाट बघू लागला. दुसरा आला की तिसरा येईल, तिसरा आला की चौथा, आणि चौथा आला की त्यानं दोर सोडावा. एक नुसता चारांतला पहिला असू शकतो. त्यानं श्वास धरला. दुसरा आला नाही. श्वास संपला तरी आला नाही.

मग पुन्हा, जोरात. एक. आणि त्यापुढं काही नाही.

थांब.

त्यानं पाइपवरचा हात ओढून काढला. तळव्याचा एक तुकडा तिथंच राहिला, ते त्याला नंतर कळलं. मघाचा चार हात सैल दोर त्यानं परत घ्यायला सुरुवात केली, हळू, तिला धक्का लागणार नाही इतका हळू. एक हात. दोन हात. साडेतीन हातांवर दोरात जीव जाणवला. तो एक पाऊल मागं सरला, बूट दगडाच्या खाचेत रोवले आणि खाली वाकून बसला.

त्यानंतर किती वेळ गेला ते त्याला कधीच सांगता आलं नाही. वरून आधी कुंपणाचा एक खांब आला, बुडाशी ओल्या मातीचा गोळा घेऊन, गरगरत, आणि त्याच्या डावीकडे दगडावर आपटून उसळला. आणि लगेच दोरानं त्याला उचललं. तो पुढं फेकला गेला, खांदा भिंतीवर आदळला, पाय जमिनीपासून सुटले. उजवा हात सुटला नाही. ब्रेकनं दोर चावून धरला.

तो लोंबत होता, म्हणजे पलीकडे तीही लोंबत होती. दोरात वजन होतं. पूर्ण, जिवंत, हलणारं वजन. लहानपणी खांद्यावर घेतल्यावर ती अशीच हलायची.

त्यानं डावा हात, सोललेला, पुन्हा पाइपवर ठेवला.

एक, दोन, तीन.

खाली. त्यानं तिला खाली घेतलं, मजल्यामागून मजला, इतक्या सावकाश की लिफ्टनं घेतलं असतं तर लोकांनी तक्रार केली असती.

जमिनीवर आल्यावर ती बसूनच राहिली. गुडघ्यावर पँट फाटली होती, ओठ कापला होता, बाकी सगळं जिथल्या तिथं होतं. त्यानं बोटंही मोजली, हातमोजे काढायला लावून. दहा. सामान गोळा केलं, गाडीत बसले, त्यानं हीटर लावला आणि थर्मासचं झाकण तिच्या हातात दिलं.

गाडी खाणीच्या रस्त्यावरून हमरस्त्याला लागली तेव्हा खार बोलायला लागली. समोर बघत बोलत होती, म्हणून त्याला अर्धं ओठांवरून आणि अर्धं अंदाजानं घ्यावं लागलं. खांबापर्यंत पोचायला तिनं दोर ओढून घेतला, खांबाला पट्टा टाकला, भार देऊन पाहिला, तर खांब लोण्यातून सुरी निघावी तसा मातीतून निघायला लागला. पायाखालचा बर्फ पोकळ. एक कुऱ्हाड चिखलात. ती ओरडली, तीनदा; मग पाइपवर चार ठोके आले तेव्हा दुसऱ्या कुऱ्हाडीनं ठोकून उत्तर दिलं.

"मी 'सोडू नको' ओरडले, बाबा. सकाळी तू बजावून बजावून सांगितलं होतंस, मी त्याची नक्कल केली, आणि वेळ आली तेव्हा तेच उलटं बोलले. वाऱ्यानं 'नको' नेलं." तिनं नाक पुसलं. "चूक माझी."

रस्ता सरळ होता. दोन्हीकडे पांढरी शेतं. नकोबा गाडी चालवत राहिला.

चूक तिची. बसलं होतं ना सगळं व्यवस्थित. तिनंच मांडून दिलेलं, वरून तिचीच सही. त्याला फक्त मान हलवायची होती, अर्धा क्षण उशिरा, नेहमीसारखी. मग बुधवारची रजा, मग पुढल्या वर्षीची काहीतरी युक्ती. आणि तिला जन्मभर वाटत राहील की त्या दिवशी आपण मरायला टेकलो ते आपल्या जिभेनं. आठबोट्याच्या बोटांचं त्याला वाटत आलं तसं. ते कसं वाटतं हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक?

एक किलोमीटर गेला. दुसरा गेला. तिसऱ्याला त्यानं गाडी कडेला घेतली, थांबवली आणि हँडब्रेक ओढला.

"नव्हता वारा तेवढा," तो म्हणाला.

ती त्याच्याकडे वळली.

"नाही ऐकू येत मला. उजव्यानं तर नाहीच. चार वर्षं झाली. सकाळी सांगायला हवं होतं, नाही सांगितलं मी."

मग तिनं तोंडावर हात धरून, ओठ झाकून, काहीतरी विचारलं. त्याला फक्त तिचे डोळे दिसले. त्यानं मान हलवली नाही. त्या चार वर्षांत पहिल्यांदाच. नाही कळलं मला, असं म्हणाला.

तिनं हात खाली घेतला. चेहऱ्यावर राग यायला लागला होता, आणि तो यायलाच हवा होता. "मी वर होते, बाबा." एवढंच म्हणाली. थोड्या वेळानं, "मग ठोका कसा ऐकलास?"

त्यानं डावा तळवा उघडून दाखवला. मधोमध लाल चट्टा, मोठ्या बटणाएवढा. तिनं तो बराच वेळ पाहिला. मग दवाखान्यातल्यासारखी, सॅकमधून पट्टी काढून बांधली. नको तितकी घट्ट.

पट्टी बांधून झाल्यावर म्हणाली की उद्या दोराच्या दुसऱ्या टोकाला आठबोट्या काका असणार, नाही का. हेच त्याच्याही डोक्यात चाललं होतं. त्यानं फोन काढला, स्पीकरवर लावला आणि तिच्या मांडीवर ठेवला. पलीकडे बोललेलं ती त्याच्याकडे तोंड करून परत म्हणणार, असं ठरलं.

आठबोट्यानं फोन उचलला. रविवारची झोपमोड झाली म्हणून दोन शिव्या दिल्या, त्या खारीनं जशाच्या तशा, त्याच्याच खेकसण्यासकट परत म्हटल्या. नकोबानं घसा साफ केला आणि सांगितलं. कान, काचेतला कोपर, बुधवार, सगळं. शेवटी म्हणाला की इतकी वर्षं निभलं ते तुझा घसा बसला म्हणून, नाहीतर कधीच—

मग खारीच्या तोंडून आठबोट्याचा आवाज आला, घोगरा नाही, चांगला खणखणीत.

"माझ्या घशाला काय धाड भरलीय? तीन वर्षं झाली, मी तुला ठोके देतोय. ओरडलो की तू माझ्या तोंडाकडे बघायचास. आता शाफ्टच्या अंधारात तोंड कुठलं दिसायला?"

नकोबाला वाटलं, खार आपल्या मनचं घालतेय. तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. ती नक्कल करत होती, पण हसत नव्हती.

"बोलला का नाहीस मग?" त्यानं विचारलं.

"तू बोलशील म्हणून थांबलो," खार म्हणाली, म्हणजे आठबोट्या म्हणाला. "लई लांबवलंस."

समोरच्या काचेवर वाफ धरली होती. नकोबानं ती बाहीनं पुसली.

"नाही उतरणार मी उद्या शाफ्टमध्ये," तो म्हणाला. "बुधवारी जातोय तपासणीला. नको घालू मला कामावर तोवर."

खार फोनकडे कान देऊन बसली. काही परत म्हणाली नाही. पलीकडे कुणी बोलतच नव्हतं बहुतेक. मग तिनं हात पुढं केला आणि तिकडून जे येत होतं ते बोटाच्या पेरानं त्याच्या गुडघ्यावर उतरवलं. एक. दोन. तीन. चार.

त्यानं डॅशबोर्डवर चार परत ठोकले. ती थांबली, फोन ऐकला, आणि पुन्हा त्याच्या गुडघ्यावर चार वाजवले.

नकोबानं हँडब्रेक सोडला.